नाकातलं वजन

"नाकात किती ग्रॅम घातलंत?"

त्या दिवसातला तो पहिला शहाणा प्रश्न. नाशिकमधल्या एका शाळेच्या सभागृहात छंद-प्रदर्शन होतं आणि सकाळपासून येणारा-जाणारा मला एकच विचारत होता, "मुलासाठी केलंत का?" मी नाही म्हटलं की, "मग मिस्टरांचा छंद असेल." मिस्टरही नाहीत म्हटलं की माणूस घाईघाईनं शेजारच्या बोन्सायच्या टेबलाकडे सरकायचा. त्रेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेत नोकरी करणारी, बिनलग्नाची बाई लढाऊ विमानांची प्लॅस्टिकची मॉडेलं जुळवते, हे कोणाच्या पचनीच पडत नव्हतं.

हा मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्या हंटर विमानावर वाकला होता. पंचावन्न-छप्पन्नचा असेल. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला बटण.

"हात लावू का?" त्यानं विचारलं. हेही सकाळपासून कोणी विचारलं नव्हतं, सगळे थेट उचलतच होते.

मी मान हलवली. त्यानं एका बोटानं शेपूट हलकेच दाबलं. पुढचं चाक उचललं गेलं, बोट काढल्यावर परत टेकलं.

"आठ ग्रॅम."

"सात," मी म्हटलं. "मासे धरायच्या गळाचं शिसं आहे."

"एक जास्त सांगितला मी," तो म्हणाला आणि खरंच ओशाळला. "मी सोनटक्के. ओझरच्या विमान कारखान्यात होतो, तोलाच्या कामावर. विमान पुरं झालं की ते तीन काट्यांवर उभं करायचं, वजन घ्यायचं, तोल कुठे पडतो ते काढायचं. नाक हलकं निघालं तर पुढे शिसं बसवायचं. मार्चात सुटलो. आता घरी वजन करायला काही नाही."

हे सगळं घडलं शहाण्णव सालच्या श्रावणात. मी आता सत्तरीला टेकलेय, आणि माणसांचे चेहरे विसरण्यात पटाईत झालेय, पण ते बोट मला स्वच्छ दिसतं.

विमानांचं वेड मला भावामुळे लागलं. मामानं विलायतेहून त्याच्यासाठी एक खोका आणला होता. आत प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले सुटे भाग होते. बंडूनं अर्ध्या तासात त्याचा चिवडा केला आणि क्रिकेटला पळाला. तो मी गुपचूप निस्तरला. पुढे बंडू टोरोंटोला गेला, आई-वडील गेले, आणि दोन खोल्यांच्या घरात मी, एक टेबल, एक खुर्ची आणि एकोणीस विमानं उरली. नखं कापायच्या कटरनं भाग सोडवायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, भेगा बुजवायला नेलपॉलिशमध्ये टाल्कम पावडर कालवायची. ऑफिसातल्या बायका मला नेलपॉलिश घेताना बघून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मी त्यांना ढोसू दिलं.

बंडूनं त्या प्रदर्शनाच्या आठ वर्षं आधी मिग-एकवीसचा मोठा खोका पाठवला होता. तो मी फोडलाच नव्हता. इतकं मोठं विमान चुकलं तर काय, अशी भीती मी स्वतःला सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. ते जुळवून झालं असतं आणि मग मी ते दाखवलं कोणाला असतं?

प्रदर्शन संपताना मी सोनटक्क्यांना खोक्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "मिग? त्याला मी किती वेळा काट्यावर चढवलंय." आणि थोडं थांबून, "रविवारी साडेदहाची एसटी आहे ओझरहून."

अशी सुरुवात झाली.

सुरुवातीला मला ते घरात असण्याचा त्रास व्हायचा. हे काम एकटीनं करायचं आहे, खोलीत दुसरं माणूस असलं की त्याच्या श्वासानंही ब्रश हलतो, अशी माझी ठाम समजूत. तिसऱ्या रविवारी मी दुसरी खुर्ची विकत घेतली. तोवर ते स्टुलावर बसत होते आणि पाठ दुखते म्हणून सांगत नव्हते.

कामं आपोआप वाटली गेली. कापणं-घासणं त्यांच्याकडे, रंग माझ्याकडे. वैमानिकाच्या बसायच्या जागेचा रंग मी खोक्यावरचं चित्र बघून कालवला, तर त्यांनी मान हलवली.

"हा नाही, बाई. आत बसल्यावर डोळ्याला गार वाटायचं. अजून निळा."

मी आणखी दोन थेंब घातले.

"अजून. हां. थांबा."

"तुम्ही उडालात कधी यातून?"

"मी? छे. बसलोय शेकडो वेळा, जमिनीवर. साध्या विमानातूनसुद्धा उडालो नाही. एकदा दोघांनी मुंबई-दिल्ली विमानानं जायचं ठरवलं होतं. मग घरची आजारी पडली, ती नऊ वर्षं." ते पॉलिश पेपरची घडी घालत राहिले. "माघात गेली."

मी चहा टाकायला उठले आणि त्यात साखर दोनदा घातली. त्यांनी तो निमूट प्यायला.

पहिले दोन महिने ते मला 'मॅडम' म्हणायचे, मग 'बाई'. 'ताई' कधीच म्हणाले नाहीत. नाशिक-ओझरकडचा माणूस परक्या बाईला चार भेटींत ताई करून टाकतो, तेवढ्यानं सगळ्यांचीच सोय होते. यांनी केलं नाही. हे माझ्या लक्षात यायला किती वर्षं लागली, ते पुढे येईलच.

खालच्या मजल्यावरच्या शिंपी काकूंच्या मात्र सगळं लगेच लक्षात आलं होतं. "कुमुद, रविवारी दोन कप वाजतात गं हल्ली," त्या जिन्यात म्हणाल्या.

"विमान करतोय काकू."

"करा, करा. कुठे जायचंय?"

मी रागानं वर आले आणि आरशात बघितलं. राग नव्हता तो. मी रविवारची वाट बघायला लागले होते, आणि वाट बघण्याची सवय नसलेल्या माणसाला ती फार जड जाते.

पौषापर्यंत विमानाच्या पोटाच्या दोन्ही फाका तयार झाल्या. आतली जागा रंगली, घड्याळांचे काटे मी एका केसाच्या ब्रशनं काढले. आता दोन फाका एकमेकींवर ठेवून जोडायच्या होत्या. हे काम परत फिरवता येत नाही. त्या गोंदानं प्लॅस्टिक विरघळतं आणि दोन्ही कडा एकजीव होतात. पुढे उघडायचं तर करवतीनं कापावं लागतं.

"हे दोघं मिळून करू," सोनटक्के म्हणाले. "दोन हात पुरायचे नाहीत. आणि त्याआधी नाकातलं वजन. ते मी आणणार."

"माझ्याकडे शिसं आहे की."

"नको. तुम्ही त्यात पडू नका. ते माझं काम आहे." इतक्या निग्रहानं ते कधी बोलले नव्हते. "मोजून आणतो. पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत.

मी थालीपिठाचं पीठ मळून ठेवलं होतं. साडेअकरा वाजले, एक वाजला. साडेबाराची एसटी असते, तिनं येतील, असं मीच मला समजावलं. चार वाजता मी पीठ फ्रिजमध्ये टाकलं. शिंपी काकूंचा फोन नंबर सोनटक्क्यांकडे होता, तरी निरोप नव्हता. काकूंनी वर येऊन विचारलं, "आज एकच कप?" आणि माझं डोकं फिरलं.

कोणावर फिरलं, तर माझ्यावरच. मी कधीपासून कोणाची वाट बघत बसायला लागले? वीस वर्षं एकटीनं विमानं जुळवली ती काय दोन हात कमी पडले म्हणून अडली होती?

सोमवारी ऑफिसातून आले, पाय धुतले आणि टेबलाशी बसले. फाका जुळवल्या, रबर बँड लावले, ब्रशनं गोंद कडेकडेनं सोडला. माझे हात त्या दिवशी विलक्षण स्थिर होते. रागात माझं काम चांगलं होतं, हा माझा जुना अनुभव. बुधवारी जोड घासला. बोट फिरवलं तरी कळेना की इथे कधी दोन तुकडे होते. इतका सरळ जोड माझ्या हातून आधी कधी बसला नव्हता. गुरुवारी पंख लावले, शनिवारी चाकं, आणि विमान पाठीवर उताणं करून स्पंजच्या तुकड्यावर वाळत ठेवलं.

रविवारी साडेअकराला बेल वाजली.

सोनटक्के दारात उभे होते. शर्ट नवा होता, केस नुकतेच कापलेले. हातात द्राक्षांची पिशवी. खिशाचं बटण उघडं होतं आणि आतून खाकी कागदाची छोटी पुडी डोकावत होती. ते आत आले, टेबलाकडे बघितलं आणि पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले.

"बंद केलंत?"

"हो. किती दिवस उघडं ठेवायचं?" माझा आवाज ऑफिसातला लागला, अर्ज उशिरा आणणाऱ्या मास्तरांशी बोलायचा. "तुम्ही गेल्या रविवारी आला नाहीत."

"वर्षश्राद्ध होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जीभ काही मागे फिरेना. "मग सांगायचं तरी."

"हो. सांगायला हवं होतं. दुसऱ्यांच्या फोनवर काय सांगायचं, असं झालं." ते खुर्चीवर टेकले. "छान झालंय. जोड कुठे आहे तेच कळत नाही."

त्या एका वाक्यानं मी फुलले. काय करणार, स्तुती कानावर पडायचे दिवस थोडेच येत माझ्याकडे. म्हटलं, "बघा तर आता," आणि विमान पहिल्यांदाच चाकांवर उभं केलं.

ते क्षणभर उभं राहिलं. मग नाक वर गेलं आणि शेपूट टेबलावर टेकलं. मी नाक खाली दाबलं, सोडलं. पुन्हा तेच.

"अगंबाई! वजन!" मी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. मॉडेलं करणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी हा गाढवपणा केलेला असतो, पण तो पहिल्या-दुसऱ्या विमानाला. विसाव्याला नव्हे.

सोनटक्के हसले नाहीत. त्यांचा हात खिशावर गेला होता.

"कापता येईल?" त्यांनी विचारलं. "इथे, बसायच्या जागेच्या पुढे. बारीक करवतीनं. मी कापतो, तुम्हाला चालणार असेल तर."

"जोड दिसेल."

"थोडा दिसेल."

"नको," मी म्हटलं. "इतका चांगला जोड मला जन्मात जमला नव्हता. आणि नाकात काय आहे ते कोणाला दिसणार आहे? शेपटाखाली पारदर्शक काडी लावली की झालं. बरेच जण तसंच करतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्या नजरेचा अर्थ लावला तो असा, की याला माझ्या कामाचं मोल नाही, याला फक्त आपली वजनं दिसतात.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "बसलेलं कशाला मोडायचं?"

त्यांनी पुडी आत सारली आणि खिशाचं बटण लावलं. मी ते बघितलं. विचारलं नाही. दोन खिळे आणि शिशाचा तुकडा असणार, त्यात विचारायचं काय?

ते आणखी दोन रविवार आले. काचेचं झाकण आम्ही टूथपेस्टनं घासून लख्ख केलं, शेपटीवरचे आकडे पाण्यात भिजवून चिकटवले. विमान सुरेख झालं. शेपटाखाली काडी लावली होती. मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, त्या गडबडीत येणं थांबलं. मुलगी पुण्याला गेली, वर्षभरानं तेही घर आवरून तिच्या जवळ राहायला गेले. दिवाळीला पोस्टकार्ड येई. "आपली विमाने कशी आहेत? तब्येतीस जपावे." मीही लिहीत असे, "विमाने ठीक आहेत." पुढे कार्डंही थांबली.

मला तो माणूस हवा होता. हे आज लिहायला काही वाटत नाही, तेव्हा स्वतःशी म्हणायलाही चोरी वाटत होती. त्यांनी विचारलं नाही, याचा अर्थ त्यांच्या मनात नव्हतं, असं मी ठरवून टाकलं. दुसरी खुर्ची बाल्कनीत नेली आणि तिच्यावर कुंडी ठेवली.

गेल्या मार्गशीर्षात दुपारी बेल वाजली. पन्नाशीची बाई, डोळे थेट ओळखीचे.

"तुम्ही गायधनी बाई ना? मी शलाका. सोनटक्क्यांची."

मी तिला आत घेतलं. ते गेले, हे तिनं बसल्यावर सांगितलं. गणपतीनंतर, झोपेत, त्र्याऐंशीव्या वर्षी. मग तिनं पर्समधून खाकी कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. कागद जुना होऊन मऊ पडला होता. वर बारीक, सरळ अक्षर होतं: मिग. नाक. एकोणीस ग्रॅम.

"कपाटात होती. उघडा."

आत चांदीची जोडवी होती. जाड, जुन्या घडणीची, वापरून गुळगुळीत झालेली. पण वेढे आवळून इतके लहान केलेले की पुन्हा कोणाच्या बोटात गेली नसती. सोबत शिशाचे दोन तुकडे.

"आईची," शलाका म्हणाली. "सोळा ग्रॅम भरली, तीन कमी पडले म्हणून शिसं घातलं. सोनाराकडे काट्यावर तासभर बसले होते. मी भांडले हो त्यांच्याशी. म्हटलं, आईची जोडवी तुम्ही कोणाच्या तरी खेळण्यात घालणार? तर म्हणाले, तीस वर्षं विमानं तोलली, तिला एकदा विमानात बसवली नाही. आता बसवतो."

मी जोडव्यांकडे बघत होते. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

"वर्ष पुरं व्हायची वाट बघत होते ते," ती पुढे म्हणाली. "श्राद्ध झालं, त्याच्या पुढच्या रविवारी नवा शर्ट घालून निघाले. म्हणाले, आधी तिला ठेवून येतो, मग बाईंना विचारतो."

"काय विचारतो?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"बाई, तुम्हीच ओळखा ना." तिचे डोळे भरले. "संध्याकाळी परत आले ते पुडी घेऊनच. मी विचारलं काय झालं. म्हणाले, त्यांचं एकटीचं सगळं घट्ट आणि नीट बसलंय, आपण मध्ये करवत घालायची नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं. चोवीस वर्षांची होते मी, आई जाऊन वर्ष झालेलं. नंतर ते माझ्याकडे राहायला आले, आणि रोज संध्याकाळी गॅलरीत एकटे बसलेले दिसायला लागले, तेव्हा वाटायचं, एकदा नाशिकला जाऊन तुम्हाला सांगावं. नाही आले. तेवढं सांगायला आज आले."

मी तिला चहा केला. साखर दोनदा पडली. तिनं वडिलांसारखाच तो निमूट प्यायला. जाताना ती वाकायला लागली, तेव्हा मी तिला धरलं आणि आम्ही दोघी दारातच रडलो.

रविवारी सकाळी मी मिग कपाटातून खाली घेतलं. सव्वीस वर्षं ते काडीवर बसून होतं. बारीक करवत काढली, चष्मा बदलला. हात आता स्थिर राहत नाहीत. बसायच्या जागेच्या पुढे, त्यांनी बोट ठेवलं होतं तिथे, मी कापलं. माझा तो सुंदर जोड दोन मिनिटांत गेला. नाकाच्या पोकळीत जोडवी एकामागे एक ठेवली. ती बरोबर बसली, जरासुद्धा हलेनात. पुढे शिशाचे तुकडे. नाक पुन्हा चिकटवलं आणि ते वाळेस्तोवर बाल्कनीतली कुंडी खाली ठेवून, खुर्ची पुसून टेबलाशी आणली.

दुपारी काडी काढली. विमान चाकांवर ठेवलं आणि हात बाजूला घेतला.

पुढचं चाक टेबलाला टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. मी शेपूट एका बोटानं दाबलं. नाक उचललं गेलं, बोट काढल्यावर परत खाली आलं. एकोणीस ग्रॅम, ना एक कमी ना एक जास्त.

"बरोबर आहे हो तुमचं," मी मोठ्यानं म्हटलं.

नाकावर कापल्याची रेघ राहिली आहे. ती दारातूनही दिसते. घरात नेलपॉलिश आहे, पावडर आहे, तासाभराचं काम आहे. मी ती बुजवलेली नाही.